मोठ्या माणसाच्या नाकामागे वाढ दिसली तर: पहिल्या शंकेपासून पक्क्या निदानापर्यंत

पन्नाशीचे एक गृहस्थ माझ्याकडे आले ते कानाची तक्रार घेऊन. उजव्या कानाला दडा बसलेला, चार महिने झाले तरी सुटत नव्हता. सर्दी नाही, ताप नाही, कान दुखतही नव्हता. तोवर दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. कानात थेंब घातले होते, मळ काढला होता, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले होते. मी कानाचा पडदा पाहिला तर तो पिवळसर, निस्तेज आणि आत ओढला गेलेला होता. पडद्यामागे पाणी साठलं होतं. पण मूळ दुखणं कानात नव्हतंच. कानाची नळी नाकाच्या मागे जिथे उघडते, तिथे उजव्या भिंतीला वाढ होती. चार महिन्यांत त्या जागी कुणी डोकावून पाहिलंच नव्हतं.

तुम्हाला किंवा घरातल्या कुणाला नुकतंच 'नाकाच्या मागे काहीतरी वाढलंय' असं सांगितलं असेल, किंवा अशी शंका घेऊन तुम्ही डॉक्टरांकडे निघाला असाल, तर पुढची वाट कशी असते ते इथे क्रमाने सांगतो. या दुखण्यात तपासण्यांच्या क्रमाला फार महत्त्व आहे. आधी डोळ्यांनी पाहणं, मग स्कॅन, मग तपासणीसाठी वाढीचा तुकडा काढणं, म्हणजे बायोप्सी. घाईत हा क्रम उलटला की कधी वेळ वाया जातो, तर कधी थेट इजा होते.

आधी जागा समजून घ्या

जीभ टाळूला लावून मागे मागे सरकवा. कडक टाळू संपून मऊ भाग लागतो. त्या मऊ टाळूच्या वर, नाकाचे दोन्ही मार्ग जिथे मागे जाऊन मिळतात, तिथे साधारण ४ सेंटीमीटर उंच आणि तेवढीच रुंद पोकळी असते. वैद्यकात तिला नासाग्रसनी म्हणतात. बहुतेक डॉक्टर आणि रिपोर्ट तिला 'नेझोफॅरिंक्स' म्हणतील, तेव्हा हा शब्द ओळखीचा असू द्या. तिच्या छताला कवटीच्या तळाचं हाड असतं, मागे मानेचे वरचे मणके आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींत कानाच्या नळ्यांची तोंडं. जांभई देताना कानात 'टक्' होतं, ते ही नळी उघडते म्हणून. याच नळीतून मधल्या कानात हवा जाते. नळीचं तोंड दाबलं गेलं की हवा पोचत नाही, आत पाणी साठतं आणि कान जड होतो.

नळीच्या तोंडामागे एक खोलगट खाच आहे. जर्मन शरीररचनातज्ज्ञ योहान रोझेनम्युलर यांच्या नावाने ती ओळखली जाते. इथली कर्करोगाची गाठ बहुतेक वेळा याच खाचेत सुरू होते, आणि खाच खोल असल्यामुळे लहान असताना ती सहज लपून राहते. तोंड उघडून टॉर्च मारला तरी ही जागा दिसत नाही, कारण टाळू मध्ये येतो. म्हणून 'घसा पाहिला, स्वच्छ आहे' असं कुणी सांगितलं, तर नाकामागची जागा पाहिली का, हे वेगळं विचारावं लागतं.

काय काय असू शकतं

बहुतेकांनी ॲडिनॉइड हा शब्द मुलांच्या बाबतीत ऐकलेला असतो. कोपनहेगनचे डॉक्टर विल्हेल्म मायर यांनी १८६८ मध्ये या वाढीचं पहिलं नेमकं वर्णन केलं. ही लसिका ऊती, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशींचा मऊ थर, प्रत्येक मुलात असते. लहानपणी ती वाढते आणि वयात येताना आक्रसते. म्हणूनच मोठ्या माणसात तिथे भरीव वाढ दिसली की 'ॲडिनॉइड असेल' म्हणून सोडून देता येत नाही. काही प्रौढांत ॲडिनॉइड खरोखरच उरलेलं किंवा पुन्हा फुगलेलं असतं. जुनाट ॲलर्जी, सायनसचा रेंगाळलेला संसर्ग आणि धूम्रपान ही त्याची नेहमीची कारणं. एचआयव्हीच्या संसर्गातही ही ऊती फुगते. त्यामुळे डॉक्टरांनी ती रक्ततपासणी सांगितली तर वाईट वाटून घेऊ नका. कुणाच्या वागण्यावर त्यात संशय नसतो, तो तपासाचा ठरलेला भाग आहे.

याशिवाय मधोमध, मागच्या भिंतीला पाण्याची गाठ असू शकते. गुस्टाव टॉर्नवाल्ट यांनी १८८५ मध्ये तिचं वर्णन केलं आणि आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. बहुतेकदा ती दुसऱ्याच कारणाने काढलेल्या एमआरआयमध्ये सापडते आणि त्रास नसेल तर तशीच ठेवली तरी चालते. गालाच्या सायनसमधून निघून देठासारखा मागे लोंबणारा पॉलिप, म्हणजे अस्तराचा मऊ फुगवटा, असू शकतो. क्षयरोग इथेही होतो आणि दिसायला कर्करोगाशी जुळतो. लिम्फोमा (लसिका पेशींचा, वेगळ्या जातीचा कर्करोग), लाळग्रंथींच्या गाठी आणि कवटीच्या तळाच्या हाडातून खाली उतरलेल्या गाठी या आणखी काही शक्यता. आणि अर्थात नासाग्रसनीचा कर्करोग. २०२० च्या अंदाजानुसार जगभरात वर्षाला सुमारे १,३३,००० जणांना तो होतो. त्यातले बहुसंख्य पूर्व आणि आग्नेय आशियातले असतात. दक्षिण चीन, उत्तर आफ्रिका आणि भारताच्या ईशान्येकडच्या काही राज्यांत तो इतर ठिकाणांपेक्षा पुष्कळ जास्त दिसतो. पुरुषांत त्याचं प्रमाण स्त्रियांच्या दोन-तीन पट आहे.

एक शक्यता मी मुद्दाम वेगळी सांगतो, कारण ती हमखास निसटते. वयस्कर, मधुमेही माणूस. काही आठवड्यांपूर्वी कान फुटलेला किंवा रात्रीची झोप उडवणारी कानदुखी. आता नाकामागे सूज आणि डोकेदुखी. अशा वेळी कवटीच्या तळाच्या हाडात जंतुसंसर्ग पसरलेला असू शकतो. स्कॅनमध्ये तो हुबेहूब कर्करोगासारखा दिसतो, पण उपचार पूर्ण वेगळे. मधुमेह आणि कानाचं जुनं दुखणं डॉक्टरांना आपणहून सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी.

जाण्यापूर्वी तक्रारी लिहून काढा

कागदावर चार ओळी लिहा: कान, नाक, मान, डोकं-डोळे. प्रत्येकापुढे बाजू आणि कधीपासून ते लिहा. बाजू फार महत्त्वाची. दोन्ही नाकपुड्या आलटून पालटून चोंदत असतील तर बहुधा ॲलर्जी. एकच बाजू सतत बंद, तिकडूनच रक्ताळलेला शेंबूड किंवा सकाळी खाकरल्यावर थुंकीत रक्ताची रेघ, हे निराळं. घोळणा फुटून भळाभळा रक्त येणंच धोक्याचं असतं असं नाही. ही बारीक रेघ लोक कित्येक महिने अंगावर काढतात.

मानेवरून हात फिरवा. कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्यामागे आणि मानेच्या बाजूने मागच्या कडेपर्यंत. न दुखणारी, हळूहळू वाढणारी गाठ हे या कर्करोगाचं अनेकदा पहिलंच लक्षण असतं. नाकाची एकही तक्रार नसताना ती येते.

डोकं-डोळ्यांच्या ओळीत हे आठवून पाहा: एखादी वस्तू दोन दिसते का, गालाला किंवा वरच्या ओठाला एका बाजूने बधिरपणा आहे का, तोंड पूर्वीइतकं उघडतं का, बोलताना किंवा पाणी पिताना ते नाकातून येतं का. ब्रिटिश शल्यतज्ज्ञ विल्फ्रेड ट्रॉटर यांनी १९११ मध्ये तीन खुणा एकत्र मांडल्या: एका कानाने कमी ऐकू येणं, त्याच बाजूच्या चेहऱ्यात कळा, त्याच बाजूचा टाळू नीट न उचलणं. शंभरहून अधिक वर्षं झाली तरी हे त्रिकूट आजही शिकवलं जातं. तिन्ही खुणा जमेपर्यंत मात्र गाठ बरीच पसरलेली असते, म्हणून त्यातली एक दिसली तरी पुरे.

पहिली भेट

चांगली तपासणी कानापासून सुरू होते. डॉक्टर ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क वाजवून कपाळाच्या मध्यावर टेकवतील आणि आवाज कुठे जास्त येतो असं विचारतील. पडद्यामागे पाणी असेल तर तो दडा बसलेल्या कानातच जास्त घुमतो. ऐकायला उलट वाटतं, पण एक कान बोटाने बंद करून गुणगुणून पाहा म्हणजे पटेल. आवाज चांगल्या कानाकडे गेला तर दोष नसेचा असू शकतो. तो अचानक उद्भवला असेल तर ती तातडीची बाब असते, तिथे या लेखातली वाट लागू नाही.

मग कानातल्या दाबाची तपासणी होते. कानात रबरी बोंडूक बसवून मशीन आलेख काढतं. निरोगी कानाचा आलेख मधोमध डोंगरासारखा वर येतो, पाणी साठलेल्या कानाचा सपाट राहतो. पाच मिनिटांचं काम आहे आणि दुखत नाही. हा आलेख जपून ठेवा, तो पुढे लागेल.

मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी झालं आणि तीन-चार आठवड्यांत ते ओसरलं नाही, तर दुर्बीण घालून नाकामागची जागा पाहिलीच पाहिजे. यात मला तडजोड मान्य नाही. डॉक्टरांनी स्वतःहून म्हटलं नाही तर तुम्ही विचारा: "नाकाच्या मागे दुर्बिणीने पाहायचं का?"

दुर्बीण

लोक या तपासणीला घाबरतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. आधी नाकात बधिर करणारं आणि सूज उतरवणारं औषध फवारतात किंवा त्यात भिजवलेल्या कापसाच्या पट्ट्या ठेवतात. दहा मिनिटांत नाक मोकळं होतं. औषधाचा थोडा कडू घोट घशात उतरतो आणि घशात काही अडकलंय असं वाटू लागतं. गिळणं चालूच असतं, फक्त जाणवत नाही. मग ४ मिलिमीटर जाडीची ताठ दुर्बीण, किंवा त्याहून बारीक, वळणारी नळी नाकाच्या तळाला धरून सरळ मागे नेतात. डोकं मागे टेकलेलं ठेवा, तोंड मिटून नाकाने सावकाश श्वास घ्या. नाकाच्या मध्यावर क्षणभर दाब जाणवतो आणि डोळ्यांत पाणी येतं. मग दुर्बीण मोकळ्या जागी पोचते.

तिथे पोचल्यावर डॉक्टर म्हणतील, 'गिळा' आणि 'ई म्हणा'. गिळलं की कानाच्या नळीचं तोंड उघडझाप करतं, 'ई' म्हटलं की टाळू वर उचलला जातो. दोन्ही बाजू सारख्या हलतात का, ते त्यात कळतं. मग दोन्ही खाचांत डोकावतात. इथे एक विनंती करायला हरकत नाही: दुर्बीण दोन्ही नाकपुड्यांतून घाला आणि फोटो काढून द्या. पुढच्या वेळी तुलना करायला त्या फोटोइतकं उपयोगी काही नसतं. तपासणीनंतर सुमारे तासभर खाऊ-पिऊ नका, बधिर घशात घास चुकीच्या वाटेने जाऊ शकतो.

दिसण्यावरून अंदाज बांधता येतो. मधोमध, दोन्हीकडे सारखी, उभ्या चिरा पडलेली मऊ वाढ असली तर ॲडिनॉइड. गुळगुळीत, गोल, पिवळसर फुगवटा असला तर पाण्याची गाठ. एका बाजूची, खडबडीत, हात लागताच रक्ताळणारी वाढ किंवा व्रण असला तर काळजीचं. पण हा झाला अंदाज. ॲडिनॉइडसारख्या दिसणाऱ्या वाढीतून लिम्फोमा निघालेला मी पाहिला आहे आणि कर्करोग वाटलेल्या व्रणातून क्षय.

तुकडा घेण्याआधी थांबायचं कधी

दुर्बिणीत वाढ दिसली की लगेच चिमट्याने तुकडा काढून टाकावा असं वाटतं. पुष्कळदा तसं केलेलं चालतंही. पण तीन प्रसंगी आधी स्कॅन झालाच पाहिजे. वाढ नाडीसारखी ठोके देत असेल तर. रुग्ण तरुण मुलगा असेल आणि नाकातून वारंवार भरपूर रक्त जात असेल तर; ती रक्तवाहिन्यांनी भरलेली अँजिओफायब्रोमा असू शकते आणि तिचा तुकडा घेणं जिवावर बेतू शकतं. एका नाकपुडीतून पाण्यासारखं पातळ, स्वच्छ स्राव गळत असेल तर. कवटीच्या तळाच्या फटीतून मेंदूचं आवरण खाली उतरलेलं असू शकतं, आणि त्याला छेद गेला तर मेंदूपर्यंत जंतू पोचायला वाट मिळते.

स्कॅन

नाकामागच्या जागेसाठी रंगद्रव्य देऊन केलेला एमआरआय सर्वांत उपयोगी. मऊ ऊती, हाडातला मगज आणि नसांच्या कडेने पसरलेली वाढ त्यात उत्तम दिसते. हाड कुठे कुरतडलंय ते सिटी स्कॅन नेमकं दाखवतो, म्हणून कधी दोन्ही लागतात. जाण्यापूर्वी मूत्रपिंडाचा विकार, पेसमेकर, कानातलं यंत्र, शरीरातला कुठलाही धातू, आधी कधी रंगद्रव्याची ॲलर्जी झाली असेल तर ती, हे सगळं सांगा. वेळ साधता आली तर एमआरआय तुकड्याच्या आधी करून घ्यावा. तुकड्यानंतरची सूज आणि रक्त यांनी चित्र गढूळ होतं.

रिपोर्टमध्ये 'सिमेट्रिकल' लिहिलं असेल तर दोन्ही बाजू सारख्या. साधं ॲडिनॉइड एमआरआयमध्ये उभ्या पट्ट्यापट्ट्यांचं दिसतं आणि भिंतीच्या पलीकडे घुसत नाही. 'ॲसिमेट्री' (दोन बाजू सारख्या नाहीत), 'फोसा ऑफ रोझेनम्युलर ब्लंटिंग' (ती खाच बुजलेली), 'स्कल बेस इरोजन' (कवटीच्या तळाचं हाड कुरतडलेलं), 'रिट्रोफॅरिंजियल नोड' (घशामागची लसिका गाठ) असे शब्द आले तर तुकडा टाळता येणार नाही. पेट स्कॅन हा पुढचा टप्पा. निदान ठरल्यावर आजार शरीरात कुठे पोचलाय ते पाहण्यासाठी तो करतात.

तुकडा

बायोप्सी बधिर करून बाह्यरुग्ण विभागात होते किंवा पूर्ण भूल देऊन. खोल खाचेतली किंवा वरून त्वचेसारखी गुळगुळीत वाढ असेल तर मी भूल देऊन करणं पसंत करतो, कारण वरवरचा तुकडा फसवतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा. त्या स्वतःच्या मनाने मात्र थांबवू नका, ज्यांनी सुरू केल्या त्यांना विचारूनच ठरतं. एक-दोन दिवस थुंकीत थोडं रक्त येतं. ताजं लाल रक्त वाहतच राहिलं तर लगेच परत या.

"तुकड्याने आजार पसरेल का?" हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक कुटुंब विचारतं. नाही. तुकड्यावाचून उपचार सुरूच करता येत नाहीत, कारण लिम्फोमा, क्षय आणि कर्करोग या तिघांचे उपचार एकमेकांपासून पूर्ण वेगळे आहेत.

तुकडे एकापेक्षा जास्त घ्यावेत. लिम्फोमाची शंका असेल तर एक तुकडा फॉर्मालिनमध्ये (तुकडा टिकवण्याच्या द्रावात) न बुडवता ताजा पाठवावा लागतो. क्षयाची शंका असेल तर एक तुकडा जंतूंच्या तपासणीला जातो, तोही फॉर्मालिनविना. हे आधी ठरलं नाही तर सगळे तुकडे एकाच बाटलीत जातात आणि तपासणी पुन्हा करावी लागते.

मानेत गाठ असेल तर तिची सुईने तपासणी करून घ्या. नाकामागची जागा पाहण्याआधी ती गाठ कापून काढू नये. मूळ आजार नाकामागे निघाला तर मानेवरचा तो छेद पुढच्या उपचारांना अडचणीचा ठरतो.

रिपोर्ट हातात आल्यावर

कर्करोगाच्या रिपोर्टमध्ये 'नॉन-केराटिनायझिंग' हा शब्द बऱ्याचदा दिसेल. हा प्रकार एप्स्टाइन-बार विषाणूशी जोडलेला आहे. १९६४ मध्ये सापडलेला हा विषाणू जगातल्या बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतो आणि क्वचितच असा आजार घडवतो, त्यामुळे घरच्यांना संसर्ग होईल अशी भीती नको. पेशींत तो आहे का, हे 'इबर' नावाच्या तपासणीत कळतं.

रक्तातही या विषाणूचा डीएनए मोजता येतो. हाँगकाँगमध्ये २०,१७४ पुरुषांची अशी चाचणी केली गेली आणि तिच्या आधारे पुढे तपासून ३४ जणांत कर्करोग सापडला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. बरेच जण लवकरच्या टप्प्यात सापडले. पण तिथे हा आजार मुळातच जास्त आहे. इतरत्र केवळ रक्ताच्या रिपोर्टवरून ना घाबरावं, ना निश्चिंत व्हावं. शेवटचा शब्द तुकड्याचा.

आणि तुकड्याचाही शब्द दर वेळी पहिल्याच खेपेला मिळत नाही. सुरुवातीला सांगितलेल्या गृहस्थांचा पहिला रिपोर्ट आला: 'जुनाट सूज, कर्करोगाच्या पेशी नाहीत.' घरात आनंद झाला. मी एमआरआय पुन्हा लावून पाहिला. वाढ भिंतीच्या आत, खोलवर होती, आणि आमचा तुकडा वरच्या थराचा होता. त्यांच्या मुलाला समोर बसवून दोन्ही गोष्टी पडद्यावर दाखवल्या आणि दुसऱ्यांदा, भूल देऊन, खोलवरून तुकडे घेतले. त्यात निदान मिळालं. दुर्बीण, स्कॅन आणि तुकडा या तिघांचं म्हणणं जुळत नसेल तर तपास संपलेला नाही, असं समजा. दुसऱ्या ठिकाणी मत घ्यायचं असेल तर नुसता छापील रिपोर्ट नेऊ नका. पॅथॉलॉजी विभागाकडून स्लाइड आणि तुकडा ज्यात जपून ठेवतात ते मेणाचे ब्लॉक मागून घ्या, आणि स्कॅनची सीडीही.

तिघांचं जुळलं आणि साधं ॲडिनॉइड किंवा सूज निघाली, तर ॲलर्जीचे, नाकाच्या फवाऱ्याचे उपचार सुरू होतात. धूम्रपान असेल तर ते थांबवावं लागतं. घरी जाण्याआधी सहा ते आठ आठवड्यांनंतरची तारीख कागदावर लिहून घ्या. त्या दिवशी पुन्हा दुर्बीण, जुन्या फोटोशी तुलना आणि कानातल्या दाबाचा नवा आलेख. नळी मोकळी झाली असेल तर पूर्वी सपाट आलेली रेघ आता मधोमध डोंगरासारखी वर चढलेली दिसते.